देवरहाटी, तळी आणि खाडी : रत्नागिरीच्या तीर्थक्षेत्रांतील वृक्ष व जल यांची राखण

रत्नागिरी जिल्ह्यात देवदर्शनासाठी येणाऱ्या भाविकाच्या नजरेत प्रथम भरते ती येथील वनश्री. मंदिराकडे जाणारी जांभ्या दगडाची पाखाडी, दोन्ही बाजूंना आंबा-फणसाची गर्द सावली, मंदिरामागे दाट राई, पायथ्याशी तळी अथवा बारमाही वाहणारा झरा आणि पलीकडे खाडीचे शांत पाणी, असे दृश्य कोकणातील बहुतेक देवस्थानांच्या परिसरात आढळते. हा केवळ निसर्गाचा योगायोग नव्हे. देवस्थान, झाड आणि पाणी यांची सांगड येथील पूर्वजांनी विचारपूर्वक घातली होती. ती सांगड कशी होती, आज ती कोठे सैल होत आहे आणि ती टिकविण्यासाठी भाविकांनी व देवस्थानांनी काय करावे, याचा परिचय या लेखात करून दिला आहे.

पूर्तधर्म : झाड आणि जलाशय यांचे एकत्र पुण्य

धर्मशास्त्रात ‘इष्ट’ आणि ‘पूर्त’ असे पुण्यकर्माचे दोन भाग सांगितले आहेत. यज्ञयागादी कर्मे ही ‘इष्ट’, तर विहिरी व तळी खोदणे, बागा लावणे, धर्मशाळा व अन्नछत्रे उभारणे ही ‘पूर्त’ कर्मे होत. मत्स्यपुराणात तळ्याच्या प्रतिष्ठेचा विधी आणि वृक्षांच्या प्रतिष्ठेचा विधी हे लागोपाठच्या अध्यायांत आले आहेत, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तळे आणि झाड ही एकाच पुण्यकर्माची दोन अंगे होत, असा त्याचा आशय घेता येतो.

या विधीतील ‘उत्सर्ग’ ही कल्पना विशेष महत्त्वाची आहे. तळे बांधणारा यजमान प्रतिष्ठेच्या वेळी त्यावरील आपला हक्क सोडतो आणि ते पाणी सर्व प्राणिमात्रांना अर्पण करतो. म्हणजेच ते पाणी माणसाइतकेच गाईगुरांचे, पक्ष्यांचे, माशांचे आणि बेडकांचेही असते. आज ‘पाणथळ जागांचे संवर्धन’ या शब्दांत जे सांगितले जाते, त्याचे बीज या उत्सर्गाच्या कल्पनेत दिसते.

‘पाणथळ जागा’ म्हणजे केवळ दलदल नव्हे. २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधील रामसर या गावी झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानुसार तळी, सरोवरे, दलदली, नदीकाठ, खाड्या, तसेच ओहोटीच्या वेळी सहा मीटरपर्यंत खोल असलेला समुद्रकिनाऱ्याचा भाग हे सर्व पाणथळ जागांत मोडते. म्हणूनच २ फेब्रुवारी हा दिवस जगभर पाणथळ दिन म्हणून पाळला जातो. महाराष्ट्रातील नांदूरमधमेश्वर २०१९ मध्ये, लोणार २०२० मध्ये आणि ठाणे खाडी २०२२ मध्ये या कराराच्या यादीत समाविष्ट झाली. रत्नागिरीतील खाड्या, देवाची तळी आणि पावसाळ्यात कातळावर साचणारी डबकी यांची नावे त्या यादीत नाहीत; परंतु त्यांचे कार्य तेच आहे.

भरपूर पाऊस आणि कोरडी विहीर

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. असे असूनही एप्रिल-मे महिन्यांत अनेक डोंगरवाड्यांतील विहिरी आटतात आणि टँकरने पाणी पुरवावे लागते. बाहेरगावच्या भाविकांना याचे नवल वाटते. त्याचे कारण येथील भूरचनेत आहे.

सह्याद्रीचा माथा आणि समुद्र यांतील अंतर जेमतेम ५०-६० किलोमीटर आहे. त्यामुळे सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, अर्जुना या सर्व नद्या आखूड व वेगवान आहेत. सह्याद्रीवर पडलेले पाणी थोड्याच वेळात खाडीला मिळते. जमिनीत जे मुरते तेवढेच उन्हाळ्यासाठी शिल्लक राहते. जांभा दगड सच्छिद्र असल्याने पाणी त्यातून खाली झिरपते. खालच्या चिकण मातीच्या थराशी ते अडते आणि डोंगराच्या कुशीत जेथे तो थर उघडा पडतो तेथे झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. कोकणातील अनेक मंदिरे अशा झऱ्यांच्या सान्निध्यात वसलेली आहेत.

डोंगरउतारावर दाट झाडी असेल तर पावसाचा मारा पानांवर आणि पालापाचोळ्यावर झेलला जातो, पाणी सावकाश मुरते आणि झरा वैशाखापर्यंत टिकतो. झाडी गेली की तेच पाणी माती घेऊन धावत सुटते. तेव्हा वरच्या अंगाला झरा आटतो आणि खालच्या अंगाला नदीत गाळ साचतो. एकाच चुकीची ही दोन फळे आहेत. राजापूर शहराजवळील गंगातीर्थाच्या चौदा कुंडांत गंगामाईचे अनियमितपणे होणारे आगमन हा लाखो भाविकांच्या श्रद्धेचा विषय आहे. भूमीच्या पोटातील पाण्याचा मार्ग डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच तीर्थाच्या कुंडाइतकीच त्याच्या माथ्यावरील डोंगराची राखणही महत्त्वाची मानली पाहिजे.

देवरहाटी : जेथे कोयता चालत नाही

सह्याद्रीच्या पट्ट्यात ज्याला ‘देवराई’ म्हणतात, त्यालाच रत्नागिरी जिल्ह्याच्या अनेक गावांत ‘देवरहाटी’ असे नाव आहे. ग्रामदेवता, वाघजाई, रवळनाथ, क्षेत्रपाल अशा देवतांच्या नावे राखलेली ही वने होत. येथील झाड तोडायचे नाही, वाळलेली फांदीसुद्धा घरी न्यायची नाही, अगदी गरज पडली तर गुरव व मानकरी यांच्यामार्फत देवाला कौल लावायचा आणि तो मिळाला तरच मंदिराच्या कामापुरते लाकूड घ्यायचे, असा दंडक पिढ्यान् पिढ्या चालत आला. या दंडकामुळे आजूबाजूचे डोंगर उघडे झाले तरी देवरहाटीत जुने बेहडे, हिरडे, किंजळ, सातवीण आणि अजस्र वेली शाबूत राहिल्या. पंखांचा मोठा आवाज करीत उडणारा धनेश पक्षी अशा जुन्या झाडांच्या ढोलीत घरटे करतो. एवढी मोठी ढोली तयार होण्यास झाडाचे वयही तेवढेच मोठे लागते.

१९७०च्या दशकात पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातील देवरायांचा पद्धतशीर अभ्यास केला. त्या काळात रायगड (तेव्हाचा कुलाबा) जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील गाणी या गावची हकीकत त्यांच्यापर्यंत पोहोचली. काळकाई देवीच्या राईतील झाडे तोडण्याचे ठरले होते. राई गेली तर तिच्यातून निघणारा गावाचा झरा आटेल, ही ग्रामस्थांची चिंता होती. शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू मांडली आणि राई वाचली. ग्रामस्थांनी देवीच्या कोपाबरोबरच पाण्याचे कारणही पुढे केले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. राई म्हणजे पाण्याची राखण, हे ज्ञान त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते.

रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्यातही देवरहाट्यांच्या संवर्धनासाठी ग्रामस्थ आणि पर्यावरण अभ्यासक यांनी दीर्घकाळ एकत्र काम केले आहे. झाड उभे ठेवून त्याची हिरडा-बेहड्याची फळे शिस्तीने गोळा केल्यास गावाला उत्पन्नही मिळते आणि राईही टिकते, हे त्या कामातून दिसून आले.

मंदिरांचे पाणी : शेजारची दोन उदाहरणे

१ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला. तोपर्यंत त्याचा प्रदेश रत्नागिरी जिल्ह्यातच होता. त्या जुन्या रत्नागिरीतील दोन देवस्थानांची उदाहरणे प्रत्येक भाविकाने जाणून घ्यावीत अशी आहेत.

पहिले उदाहरण दोडामार्ग तालुक्यातील हेवाळे-बांबर्डे येथील भालांडेश्वराच्या राईचे. या राईत गोड्या पाण्याची एक दलदल असून तीत रानटी जायफळाच्या कुळातील दुर्मीळ वृक्ष उभे आहेत. सतत पाण्यात असलेल्या मुळांना हवा मिळावी म्हणून या वृक्षांची मुळे गुडघ्यासारखी वाकून चिखलाबाहेर येतात. अशा दलदली प्रामुख्याने केरळ व कर्नाटकात आहेत. गोव्यात सत्तरी तालुक्यातील बांबर येथील दलदलही ‘निरंकाराची राई’ या देवराईतच टिकून आहे. बांबर्डे येथील दलदलीची शास्त्रीय नोंद २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा ती पश्चिम घाटातील सर्वांत उत्तरेकडील ठरली. पुढे सुमारे २.५९ हेक्टरच्या या क्षेत्राला जैविक विविधता कायदा, २००२ अन्वये ‘जैवविविधता वारसा स्थळ’ हा दर्जा देण्यात आला. शासनाने वारसा म्हणून घोषित करण्याच्या कितीतरी आधीपासून गावाने ती जागा देवाची म्हणून राखली होती.

दुसरे उदाहरण सावंतवाडी तालुक्यातील आंबोली येथील हिरण्यकेशी तीर्थाचे. येथील गुहेतून नदीचा उगम होतो आणि मंदिरासमोरील कुंडात ते पाणी येते. या कुंडात आढळलेल्या एका लहानशा माशाची २०२० मध्ये नवीन जात म्हणून नोंद झाली आणि त्याला तीर्थाच्याच नावावरून शास्त्रीय नाव देण्यात आले. २०२१ मध्ये येथील सुमारे २.११ हेक्टर क्षेत्रही जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाले. भाविक शतकानुशतके ज्या कुंडाला नमस्कार करीत आले, त्याच कुंडात विज्ञानाला अपरिचित असा जीव नांदत होता. कुंडात एखाद्याने साबण लावून स्नान केले, तेल सांडले अथवा बाहेरचे शोभेचे मासे आणून सोडले, तर अशा जीवावर काय प्रसंग ओढवेल, याची कल्पना यावरून करता येईल.

या दोन्ही ठिकाणी कोणी वृक्षारोपणाचा समारंभ केला नव्हता. तेथे एकच गोष्ट झाली. जे होते ते जसेच्या तसे राहू दिले गेले. वृक्षसेवेचा हा पहिला धडा होय. नवीन झाड लावण्यापूर्वी जुने झाड आणि जुने पाणी राखावे.

कातळसडा : उजाड भासणारी पाणथळ जागा

झाड कोठे लावावे याइतकेच ते कोठे लावू नये हेही जाणणे आवश्यक आहे. रत्नागिरी, राजापूर, लांजा, गुहागर या भागांत जांभ्याचे विस्तीर्ण सडे आहेत. उन्हाळ्यात ते काळेठिक्कर व उजाड दिसतात. त्यामुळे ‘येथे झाडे लावून हिरवाई करावी’ असा विचार सहज मनात येतो.

परंतु मृगाचा पाऊस सुरू झाला की हाच सडा जिवंत होतो. खळग्यांतून पाणी साचते, बेडूक व चतुर तेथे प्रजनन करतात आणि अत्यल्प मातीवर जगणारी नाजूक फुले श्रावण-भाद्रपदात सर्वत्र पसरतात. कीटक पकडून पोषण मिळविणारी ‘दवबिंदू’ व ‘सीतेची आसवे’ ही झाडे येथेच दिसतात. ‘कोकण दीपकाडी’ ही पांढऱ्या फुलांची कंदवर्गीय वनस्पती तर याच किनारपट्टीच्या सड्यांवर वाढते. सड्यावर साचलेले पाणी हळूहळू खाली झिरपून पायथ्याच्या वाडीतील विहिरीला मिळते. सुरुंग लावून खड्डे खोदले, बाहेरची माती टाकली आणि परदेशी झाडे लावली, तर या सृष्टीचा नाश होतो आणि झाडेही बहुधा तग धरीत नाहीत.

याच सड्यांवर प्राचीन मानवाने कोरलेली कातळशिल्पे आहेत. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे इत्यादी ठिकाणची कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाली. यांतील देवीहसोळचे शिल्प आर्यादुर्गा देवीच्या मंदिराजवळ आहे. देवी, शिल्प आणि सडा यांचा वारसा तेथे एकत्र नांदतो. तो उघडा कातळ म्हणूनच राखला पाहिजे.

खाडी आणि कांदळवन

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर बाणकोट, केळशी, दाभोळ, जयगड, भाट्ये, पूर्णगड, जैतापूर अशा खाड्यांची रांगच आहे. त्यांच्या काठच्या चिखलात उभी असणारी झाडी म्हणजे कांदळवन अथवा खारफुटी. तिवर, कांदळ, चिप्पी, काजळा, मारांडी ही त्यातील नेहमी आढळणारी झाडे होत. तिवराची श्वसनमुळे पेन्सिलीप्रमाणे चिखलातून उभी राहतात. कांदळाची आधारमुळे कमानीसारखी पसरतात आणि त्याचे बी झाडावर असतानाच अंकुरते. लांब शेंगेसारखा हा अंकुर खाली पडून चिखलात रुततो अथवा पाण्याबरोबर वाहत जाऊन दुसरीकडे रुजतो. २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने पांढऱ्या चिप्पीला ‘राज्य कांदळवन वृक्ष’ म्हणून मान दिला.

या मुळांच्या जाळ्यात कोळंबी, खेकडे आणि अनेक माशांची पिल्ले वाढतात. खाडीकाठच्या कुटुंबांना रोजचे कालवण आणि चार पैसे मिळवून देणाऱ्या तिसऱ्या व कालवेही खाडीच्याच आश्रयाने जगतात. वादळाच्या लाटांचा जोर कांदळवन कमी करते, नदीने आणलेला गाळ अडविते आणि काठाची धूप थांबविते. महाराष्ट्रात कांदळवनाचे क्षेत्र २०१९ च्या वनसर्वेक्षणानुसार सुमारे ३२० चौरस किलोमीटर होते. त्याच्या रक्षणासाठी राज्यात २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनाच्या तोडीस मनाई केली आणि २०१८ च्या निकालात त्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यालाही संरक्षण दिले. खाडीकाठी वाहनतळ, भक्तनिवास अथवा घाट बांधू इच्छिणाऱ्या प्रत्येक संस्थेने ही मर्यादा पाळणे बंधनकारक आहे.

कांदळवनाची लागवडही विचारपूर्वक करावी लागते. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत ठिकठिकाणी मोठ्या उत्साहाने कांदळवन लावण्यात आले. पुढे अभ्यासकांनी अशा २३ ठिकाणांची पाहणी केली, तेव्हा त्यांपैकी ९ ठिकाणी एकही रोप जिवंत आढळले नाही. चुकीची जात, भरतीच्या पाण्याची चुकीची पातळी आणि लागवडीनंतर देखभालीचा अभाव ही अपयशाची प्रमुख कारणे होती. ओहोटीला उघडा पडणारा चिखल रिकामा दिसला तरी तो स्थलांतरित पाणपक्ष्यांचे अन्नक्षेत्र असतो. तेथे पूर्वी कांदळवन नसेल तर ते लावण्याचा अट्टाहास करू नये. जेथे बांध घालून अथवा भराव टाकून भरतीचे पाणी अडविले गेले आणि म्हणून कांदळ मेले, तेथे पाण्याची वाट मोकळी करावी; वाहत आलेले बी पुष्कळदा आपोआप रुजते.

हाच विवेक वाळूच्या पुळणीलाही लागू आहे. मंडणगड तालुक्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने २००२ पासून सागरी कासवांच्या घरट्यांचे रक्षण सुरू केले आणि २००६ पासून तेथे कासव महोत्सव भरू लागला. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी मोकळ्या, मऊ वाळूत अंडी घालते. भरतीरेषेला लागून सुरूची दाट लागवड केली तर तिला जागाच उरत नाही.

चिपळूणचा धडा

झाडे, गाळ आणि पूर यांचा संबंध २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणने अनुभवला. अतिवृष्टी आणि भरती एकाच वेळी आल्याने वाशिष्ठी व शिव नद्यांचे पाणी बाजारपेठेत व घराघरांत शिरले. जीवितहानी झाली आणि व्यापाऱ्यांचे संसार उघड्यावर आले. २६ जुलै २००५ च्या महापुराची आठवण बुजली नसतानाच हे दुसरे संकट कोसळले. त्यानंतर नद्यांतील गाळ काढावा यासाठी नागरिकांनी आंदोलन केले आणि २०२२ मध्ये शासन व स्वयंसेवी संस्था यांच्या सहभागाने ते काम मोठ्या प्रमाणावर हाती घेण्यात आले.

एवढ्या मोठ्या पावसाला केवळ झाडे थोपवू शकतील असे म्हणणे बरोबर होणार नाही. परंतु काढलेला गाळ पुन्हा नदीत येऊ नये यासाठी डोंगरउतारावर माती धरून ठेवणारी झाडी हवी आणि पुराचे पाणी पसरण्यासाठी नदीकाठची सखल जमीन मोकळी हवी, याविषयी दुमत नाही. भगवान परशुरामांच्या क्षेत्राच्या पायथ्याशी वसलेल्या या नगराचा अनुभव कोकणातील प्रत्येक लहान शहराने व देवस्थानाने लक्षात ठेवावा असा आहे.

जीर्णोद्धार आणि राई

येथे एका नाजूक विषयाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. गेल्या काही दशकांत गावोगावी मंदिरांचे जीर्णोद्धार झाले. मुंबईकर चाकरमान्यांनी श्रद्धेने देणग्या दिल्या आणि कौलारू देवळांच्या जागी सिमेंटचे प्रशस्त सभामंडप उभे राहिले. या सेवाभावाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. मात्र काही ठिकाणी बांधकामाच्या निधीसाठी अथवा वाहने उभी करण्यास जागा हवी म्हणून देवरहाटीतीलच जुनी झाडे तोडली गेली, तळीभोवती सिमेंट ओतून तिचे झरे बुजविले गेले. देवाचे घर मोठे झाले, पण देवाचे वन लहान झाले. देवतेचा वास केवळ गाभाऱ्यात नसून संपूर्ण राईत आहे, ही पूर्वजांची धारणा होती. गणपतीपुळे येथे आजही डोंगरालाच श्रींचे स्वरूप मानून त्याला प्रदक्षिणा घातली जाते, ती याच धारणेची साक्ष होय. जीर्णोद्धाराचा आराखडा करताना राई व तळी यांनाही मंदिराचाच भाग मानले, तर खरा जीर्णोद्धार घडेल.

सामुदायिक वृक्षलागवड कशी करावी

देवस्थाने, शाळा, नगरपरिषदा व ग्रामपंचायती यांनी लागवड हाती घेताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. जागेप्रमाणे झाड निवडावे. डोंगरउतारावर ऐन, किंजळ, बेहडा, हिरडा, जांभूळ, रायवळ आंबा, फणस व रातांबा. वहाळ व तळीच्या काठी उंबर, करंज, जांभूळ व वाळुंज. समुद्रालगत उंडी व भेंड. मंदिराच्या आवारात वड, पिंपळ, बेल, बकुळ व सुरंगी ही झाडे योग्य होत. ऑस्ट्रेलियन बाभूळ, निलगिरी व सुबाभूळ ही झटपट वाढणारी परदेशी झाडे राईत व पाणवठ्याजवळ लावू नयेत.

२. बी गावातलेच घ्यावे. जवळच्या देवरहाटीत पडलेले थोडे बी, ग्रामस्थांच्या संमतीने, गोळा करून रोपे तयार करावीत. त्या मातीत व त्या पावसात वाढलेल्या झाडाचे बी तेथे चांगले रुजते.

३. खड्डे मे महिन्यात खणून ठेवावेत आणि पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर रोपे लावावीत. रोपाबरोबरची प्लास्टिकची पिशवी काढून परत आणावी.

४. रोपे थोडी लावावीत, पण जगवावीत. गुरांपासून संरक्षणासाठी कुंपण, दिवाळीनंतर आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन, पहिले तीन उन्हाळे पाणी आणि वणव्यापासून बचावासाठी भोवतालचे गवत काढणे, एवढे केले तरच लागवड पूर्ण झाली असे समजावे. प्रत्येक रोपाची जबाबदारी एका घराकडे अथवा एका वर्गाकडे सोपवावी आणि दरवर्षी उत्सवाच्या वेळी जिवंत रोपांची मोजणी जाहीर करावी.

५. तळी साफ करताना गाळ एकाच वेळी संपूर्ण काढू नये. एका बाजूचा काढून दुसरी बाजू पुढील वर्षासाठी ठेवावी, म्हणजे मासे, कासवे व पाणवनस्पती टिकून राहतात. काठ पूर्णपणे सिमेंटने बांधू नये.

भाविकांना नम्र विनंती

तीर्थाच्या कुंडात, तळीत अथवा झऱ्यात साबण, तेल व शाम्पू यांचा वापर करू नये. निर्माल्य पाण्यात न सोडता त्यासाठी ठेवलेल्या कुंडातच टाकावे. त्यापासून झालेले खत रोपांना देता येते. माशांना पाव, फरसाण इत्यादी पदार्थ घालू नयेत आणि नवस म्हणून बाहेरून आणलेले मासे अथवा कासवे पाण्यात सोडू नयेत. देवरहाटीतून फिरताना मळलेली वाट सोडू नये, पान, फूल अथवा वाळलेले लाकूडही सोबत नेऊ नये. प्लास्टिकच्या बाटल्या व पिशव्या परत घेऊन जाव्यात. ज्यांना देवस्थानास काही अर्पण करावयाचे असेल, त्यांनी एका रोपाच्या तीन वर्षांच्या देखभालीचा खर्च उचलण्याचाही विचार करावा.

देवदर्शनाला आलेला भाविक प्रसाद घेऊन घरी जातो. कोकणातील देवस्थानांचा आणखी एक प्रसाद आहे. तो म्हणजे राईची सावली आणि झऱ्याचे गोड पाणी. पूर्वीच्या पिढ्यांनी कोयता आवरला म्हणून तो आजच्या भाविकाला लाभला. आजची पिढी जेवढे राखील तेवढाच तो पुढच्या यात्रेकरूच्या ओंजळीत पडेल.